चौदावा प्रश्न

"काका, तुमच्या वेळचा एक गाळावा लागतोय बघा," संगणकावर बसणारी मुलगी मान वर न करता म्हणाली. "अकराशे सत्तेचाळीस."

त्यानं चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला. "गाळायचा म्हणजे?"

"वगळायचा. हिला आधीपासूनच त्रास होता. छातीत दुखायचं. लिहिलंय की इथं." तिनं फॉर्म उजेडात धरला. "अक्षर तुमचंच ना हे?"

"असेल," तो म्हणाला, आणि समोरच्या ढिगातला पुढचा कागद ओढून वाचू लागला. वाचला म्हणजे डोळ्यांखालून घातला. अक्षर न् अक्षर दिसत होतं, पण एकही आत शिरत नव्हतं.

खरं तर यात दचकण्यासारखं काही नव्हतं. गेले दोन आठवडे दोघांचं हेच काम चाललं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी संस्थेनं शहरातली अडीच हजार धडधाकट माणसं गोळा केली होती. दर तीन वर्षांनी त्यांचं रक्त घ्यायचं, बासष्ट प्रश्न विचारायचे, रक्त उणे ऐंशी अंशांवर गोठवायचं, त्यातल्या चरबीत कुठलं फॅटी ॲसिड किती आहे ते यंत्रावर मोजायचं, आणि मग नुसती वाट बघायची. कोणाचं हृदय कधी दगा देतं याची. असं उघड कोणी म्हणत नसे. त्याला 'पाठपुरावा' म्हणत. आता इतक्या वर्षांनी निष्कर्ष लिहायची वेळ आली, तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आलं की तिसऱ्या फेरीच्या फॉर्मची दुसरी बाजू, तब्येतीच्या तक्रारींची, संगणकात कधी चढलीच नव्हती. आणि मोजणी तर तिसऱ्या फेरीच्याच रक्तावर बेतलेली. ज्याचं दुखणं रक्त घेण्याच्या आधीच सुरू झालेलं असेल, त्याचं रक्त दुखण्यानं बदललं की रक्तामुळे दुखणं आलं, हे कसं सांगणार? अशी माणसं बाजूला काढायची. सगळ्यांचेच कागद तपासायचे होते, सुरुवात मेलेल्यांपासून. सम आकडे त्याच्याकडे, विषम त्या मुलीकडे. वाटणी झाली तेव्हा, अकराशे सत्तेचाळीस आपल्या ढिगात येत नाही, हे त्यानं मनातल्या मनात ताडून पाहिलं होतं, आणि सुटल्यासारखं वाटलं होतं.

अकराशे सत्तेचाळीस म्हणजे त्याची ताई. सख्खी, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याचे केस विंचरणं, नखं कापणं, शाळेत उशीर झाला की मास्तरांपुढे उभं राहून खोटं बोलणं, हे सगळं ताईनं केलेलं. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. दिवसभर उभं राहून एकावर एक घातलेले तीस-तीस थर एका दमात कापायचे. उजव्या अंगठ्याच्या बुडाला कात्रीनं पाडलेला घट्टा होता, आणि तो घट्टा ती नव्या माणसाला ओळख करून दिल्यासारखा दाखवायची. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. पण ताईच्या तोंडी रडगाणं कधी नसायचं. अभ्यासासाठी माणसं कमी पडू लागली तेव्हा मोठे डॉक्टर सगळ्यांना म्हणाले होते, "आपापली नातेवाईक मंडळी आणा, पण चाळिशी ओलांडलेली." त्यानं ताईला विचारलं. "माझं रक्त घेऊन काय करणार रे?" "गोठवून ठेवणार." "म्हणजे मी मेल्यावर पण तुझ्याकडे राहणार की मी! बरं झालं, एरवी तू कुठला यायला भेटायला." तो हसला होता. ती पण हसली होती. त्या हसण्यात एक बारीक टाचणी होती, ती त्याला पुष्कळ वर्षांनी टोचली.

कारण भेटायला तो जातच नव्हता. भांडण म्हणाल तर काही नव्हतं. भांडण असतं तर निदान मिटवायला तरी गेला असता. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नव्हती, आणि 'येतो गं रविवारी' म्हणण्यात त्याचे रविवार निघून जात होते. आपली माणसं कुठं पळून जाणार आहेत, असं माणसाला वाटतं. मग दर तीन वर्षांनी तीच येऊ लागली, उपाशीपोटी, सकाळी साडेनवाला, चांगले बूट घालून. एकदा तर कारखान्यातून परस्पर आली ती मोजायची टेप गळ्यात तशीच घेऊन, आणि त्यानं तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला तेव्हा म्हणाली, "तू माझा दंड मोज, मी तुझं पोट मोजते." तिची शीर सापडायची नाही. बोटानं चाचपत राहावं लागे. "लाजाळू आहे," ती म्हणायची, "घरातल्या माणसासमोर बाहेर येत नाही." असे तीन वेळा, फार तर पाऊण-पाऊण तास. त्या तीन सकाळी सोडल्या तर शेवटच्या सात वर्षांत तिच्यासमोर तो असा एकटा कधी बसलाच नव्हता.

आणि तिसऱ्यानंतर आठ महिन्यांनी ती गेली. जिन्यात. शेजारणीनं पाहिलं तेव्हा सगळं संपलं होतं. "झटक्यात गेली हो, कळलंसुद्धा नाही," असं जो तो म्हणत होता, आणि तिची वीस वर्षांची मुलगी तेच वाक्य येणाऱ्या प्रत्येकाला परत ऐकवत होती, जणू ते बोलणं थांबलं तर ती खाली पडली असती.

त्याच्यापाशी मात्र त्या दिवसापासून एक गुपित होतं, आणि ते त्यानं बावीस वर्षं जपलं होतं. तिसऱ्या फेरीनंतर तो सुईच्या कामावरून यंत्राच्या खोलीत गेला होता. ते यंत्र रक्तातल्या चरबीचं एकेक आम्ल वेगळं करून कागदावर ओळीनं टेकड्या काढायचं. सुरुवातीच्या टेकड्या उंच, अणकुचीदार. अगदी शेवटी, कागद संपत आला की, एक बुटकी टेकडी यायची. तीच महत्त्वाची, असं मोठे डॉक्टर म्हणायचे. मासळीतून येणारं आम्ल ते, ज्याच्या रक्तात कमी त्याच्या हृदयाला धोका जास्त असावा, असा त्यांचा कयास. नळ्यांवर नावं नसायची, नुसते आकडे. पण अकराशे सत्तेचाळीसची चिठ्ठी त्यानं स्वतः डकवलेली. तो कागद बाहेर आला तेव्हा तो यंत्रापाशी एकटाच होता. सगळ्या टेकड्या आल्या आणि शेवटी, जिथं ती बुटकी यायची तिथं, रेघ जराशी उसासली आणि पुन्हा सपाट झाली. ताईला मासळीच्या वासानं उलटी व्हायची, लहानपणापासून. त्यानं कागद मोठ्या डॉक्टरांपुढे नेला. आकडा कोणाचा ते न सांगता विचारलं, "इतकं कमी असलं तर त्या माणसाला सांगायचं का?" डॉक्टर म्हणाले, "काय सांगणार? अडीच हजार माणसांबद्दल मला वीस वर्षांनी काहीतरी कळेल. एका माणसाबद्दल मला आज काही कळत नाही आणि तेव्हाही कळणार नाही. नियम आहे, सांगायचं नाही. उगाच कोणाच्या जिवाला घोर का लावा?" त्यानं मान डोलावली. मग न राहवून माशाच्या तेलाच्या गोळ्यांची एक बाटली घेतली आणि भाचीच्या हाती पाठवून दिली. ताईचा फोन आला. "धाकट्या, हे काय पाठवलंस? तेलच प्यायचं तर मी तळलेलं खाईन की." तो म्हणाला, "घे गं, चांगलं असतं." त्यापलीकडे नियमानं त्याचं तोंड बांधलं होतं. तीन महिन्यांनी ती गेली.

हे दुःख त्यानं इतकी वर्षं सांभाळलं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्या दुःखाला एक ऐट होती. त्यात तो एकटा नव्हता. नियम होता, विज्ञान होतं, मोठे डॉक्टर होते. मी सांगितलं असतं तर ती वाचली असती, पण मला सांगता आलं नाही. हे वाक्य त्यानं आतल्या आत इतकं घोटलं होतं की त्याला झिलई आली होती. यंत्रावर बसला की तो शेवटच्या टेकडीपाशी डोळे मिटायचा. संस्थेत त्याला 'पाटी' म्हणायचे, चेहरा सदा कोरा म्हणून. कोणाला काय ठाऊक आतमध्ये काय लिहिलंय, असं वाटून त्याला त्या नावाचासुद्धा थोडा अभिमानच होता.

दुपारी ती मुलगी जेवायला गेली तेव्हा तो उठला आणि तिच्या टेबलावरून फॉर्म घेतला. कागद पिवळट पडला होता, कडांना मऊ. वर त्याचंच सुबक अक्षर: सुरुवात नऊ चाळीस, शेवट नऊ चोपन्न. तो तिथंच अडकला. बासष्ट प्रश्नांना चाळीस मिनिटं लागतात. चौदा मिनिटं? मग हळूहळू आठवलं. त्या दिवशी दहा वाजता त्याची यंत्राच्या खोलीच्या जागेसाठी मुलाखत होती. शर्ट नवा होता; त्याची कॉलर काचत होती. ताईची शीर पहिल्यांदा चुकली होती आणि तो मनातून चिडला होता, तिच्यावरच, जणू तिनं मुद्दाम लपवली होती. खिडकीचा पडदा, रक्त घेतल्यावर दिलेली बिस्किटं, तिनं त्यातलं एक मुलीसाठी कागदात गुंडाळून घेतलं ते, सगळं लख्ख दिसत होतं. आणि तिनं उठताना विचारलं होतं, "झालं पण? आज लवकर आटोपलंस."

त्यानं कागद उलटला. प्रश्न चौदा: जिना किंवा चढ चढताना छातीत दुखतं, दाटतं किंवा जड वाटतं का? 'होय'च्या चौकोनात खूण. आणि समोरच्या कोऱ्या जागेत, अवतरणचिन्हांसकट, कारण सहभागी व्यक्ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं असा दंडक होता:

"तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी येऊन छातीवर बसतं, आणि चौथ्यावर पोचले की उतरून जातं. भाडं देत नाही मेलं."

अक्षर जराही हललेलं नव्हतं. त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं. आवाज ताईचा होता, थट्टा ताईची होती. पण हे ती आपल्याशी बोलली होती, हे त्याला आठवेना. त्यानं डोळे मिटून ती सकाळ पुन्हा उभी केली. खुर्ची, पट्टा, पडदा, बिस्किट. वाक्य नव्हतं. कानानं ऐकलं, हातानं लिहिलं, आणि मधल्या मध्ये तो नव्हताच. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रशिक्षण देणाऱ्या बाई सांगायच्या, प्रश्न विचारताना चेहरा पाटीसारखा कोरा ठेवा. तुम्ही 'अरेरे' म्हणालात की पुढचं उत्तर बदलतं. त्यात तो पहिला आला होता. कोणी मेलेल्या मुलाबद्दल सांगो, कोणी दारूबद्दल, हा 'बरं' म्हणून पुढच्या ओळीवर. ते 'बरं' मग त्याच्या घरात आलं, मित्रांत आलं. लग्न ठरता ठरता मोडलं तेव्हा जिच्याशी ठरत होतं ती म्हणाली होती, तुमच्याशी बोलणं म्हणजे अर्ज भरल्यासारखं वाटतं. त्याला तो विनोद वाटला होता.

आणि पानाच्या तळाशी, जाड चौकटीत, त्याच्या बावीस वर्षांच्या दुःखाचा कणा मोडेल असं एक वाक्य छापलेलं होतं. 'प्रश्न चौदाचे उत्तर होय असल्यास सहभागी व्यक्तीला पिवळी चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. चिठ्ठी दिली: होय / नाही.' दोन्ही चौकोन रिकामे.

म्हणजे नियमानं तोंड बांधलेलं नव्हतं. नियमानं तर बोल म्हटलं होतं. टेबलाच्या डाव्या खणात त्या चिठ्ठ्यांचं पुस्तक असायचं. एक फाडायची, आकडा घालायचा, हातात द्यायची. इतकंच. शेकडो लोकांना त्यानं ती दिली होती, अनोळखी लोकांना.

खिशात पेन होतं. मुलगी अजून आलेली नव्हती. 'होय'वर एक छोटी खूण, आणि जगातल्या कुठल्याही माणसाला कधीही कळलं नसतं. कोणी सांगावं, दिलीही असेल! आठवत तर काहीच नाही. वाक्य आठवत नाही तशी चिठ्ठीही आठवत नसेल. मन वकिलासारखं भराभर बोलू लागलं. पण त्याला स्वतःची खोड ठाऊक होती. बावीस नव्हे, तीस वर्षांत त्याची खूण कधी राहिली नव्हती. ज्याला दिली त्याच्यापुढे खूण असणारच. त्यानं पेन काढलं, 'नाही'वर खूण केली, नंतर भरलेल्या नोंदीजवळ करायची असते तशी आजची तारीख घातली, सही केली. हात तेव्हाही हलला नाही, आणि याचीच त्याला शिसारी आली.

नव्या प्रमुख बाई त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या. तो फॉर्म घेऊन आत गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "अकराशे सत्तेचाळीस माझी बहीण होती."

त्यांनी चष्मा काढला. "मग तुम्हाला या कामावर बसवायलाच नको होतं. कोणी सांगितलं का नाही मला?"

"आता इथं कोणाला माहीत नाही." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तिची शेवटची टेकडी सपाट होती. सगळ्यात खालच्या गटात. त्यानं गेली का ती?"

बाई कागद वाचत होत्या. चौदाव्या प्रश्नापाशी त्यांची नजर थबकली, तळाच्या ताज्या शाईपाशी पुन्हा थबकली. "खालच्या गटात धोका जास्त दिसतोय, हे खरं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण त्या गटातसुद्धा बहुतेक लोक जिवंत आहेत. एका माणसाचं आकड्यावरून नाही सांगता येत. आणि त्यांचं तर... त्या आता मोजणीतच नाहीत." मग स्वर मऊ करून त्या म्हणाल्या, "चिठ्ठी मिळाली असती तरी त्या डॉक्टरांकडे गेल्या असत्या की नाही, कोणाला ठाऊक?"

"गेली असती," तो म्हणाला. "मी सांगितलेलं ती ऐकायची. रक्त द्यायला यायचीच की."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्याला त्यांची कीव आली. असं सांत्वन ताई गेली तेव्हा त्यानं पुष्कळ ऐकलं होतं. ते कसं शिवतात, टाका कुठं कच्चा राहतो, त्याला माहीत होतं.

बाहेर येऊन त्यानं एक गोष्ट केली, जी नोकरीत कधी केली नव्हती. फॉर्मवरच्या चौदाव्या प्रश्नापुरती नक्कल काढली आणि कोटाच्या आत घातली.

भाची आता बेचाळीस वर्षांची. शहर बस चालवते, अकरा नंबरची. दुपारी साडेतीनला डेपोत तिची गाडी वीस मिनिटं उभी असते, हे त्याला ठाऊक होतं, पण तिथं तो कधी गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी गेला. ती रिकाम्या बसमध्ये पहिल्या बाकावर पाय लांब करून सफरचंद खात बसली होती. मामाला पाहून ती दचकलीच. "कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग तुम्ही कसे? मामा, तुम्ही फक्त कोणी गेलं की येता." ती हसली, अगदी ताईसारखी, टाचणीसकट. "बसा. तिकीट नाही मागणार."

तो बसला आणि त्यानं सांगितलं. आधी टेकडीचं सांगू लागला, तेलाच्या गोळ्यांचं. मग त्याच्याच लक्षात आलं की तो अजूनही आडरस्त्यानं चाललाय, आणि तो सरळ चौदाव्या प्रश्नावर आला. ती चावायची थांबली.

"आणि ती चिठ्ठी?"

"आठवत नाही."

"आठवत नाही, का दिली नाही?"

"दिली नाही," तो म्हणाला. "मला घाई होती."

तिनं सफरचंद कागदात गुंडाळलं. समोरच्या काचेतून डेपोची भिंत दिसत होती. मग बोलली ती भिंतीशीच बोलल्यासारखी. "शेवटी शेवटी ती तिसऱ्या मजल्यावर थांबायची. कठड्याला टेकायची. मी वरून ओरडायचे, चल ना गं आई, किती आळशी झालीस. सामानाच्या पिशव्या माझ्याकडे द्यायची, मला राग यायचा. वीस वर्षांची होते. मला वाटायचं, माझ्या खांद्यावर टाकते सगळं." ती त्याच्याकडे वळली. "बावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, झटक्यात गेली, कोणालाच कळलं नाही. त्या एका वाक्यावर मी उभी होते, मामा. आणि तुम्ही येऊन ते काढून घेतलंत. तुमचं मन मोकळं झालं?"

"नाही."

"मग कशाला सांगितलंत?"

एक उत्तर होतं, पण ते उच्चारण्याइतकं त्याला स्वतःला पटलेलं नव्हतं. त्यानं कोटातून कागद काढून पुढे केला. "तिचं बोलणं आहे यात. माझ्याजवळ ठेवायचा मला हक्क नाही."

तिनं कागद घेतला. वाचताना तिचे ओठ हलत होते. "भाडं देत नाही मेलं," ती मोठ्यानं म्हणाली, आणि तिच्या घशातून हसण्यासारखा एक आवाज निघाला, तो निघता निघता फाटला. त्यानं हात पुढे केला, तिच्या खांद्यापर्यंत नेला, आणि तिथं काय करायचं असतं ते न सुचून मागे घेतला. तिनं ते पाहिलं.

घंटा झाली. डेपोच्या फाटकाशी माणसं जमू लागली होती. तिनं कागदाची घडी करून गणवेशाच्या खिशात घातली, तोंड पुसलं, आणि जाऊन चालकाच्या जागेवर बसली.

"उतरा, मामा. गाडी सुटायची वेळ झाली."

"मी फोन करू?"

"नको. मी करीन. करावासा वाटला तर."

तो उतरला. लोक चढले. बस त्याच्या बाजूनं वळण घेऊन गेली. आरशात क्षणभर तिचा चेहरा दिसला, पूर्ण कोरा. हा चेहरा आपल्याकडून गेला की काय, असं त्याला वाटलं.

मग दिवस तसेच जात राहिले. ढीग संपला. मेलेल्यांतले एकोणीस जण वगळले गेले, पुढे जिवंतांतलेही पुष्कळ. निष्कर्ष काही बदलला नाही, दशांशात कुठंतरी हलला असेल. खालच्या गटाची रेघ वरच्या गटाच्या रेघेपासून हळूहळू दूर होत जाते असं चित्र संगणकाच्या पडद्यावर आलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या. त्या रेघेत ताई कुठंच नव्हती. इतकी वर्षं तिला तो त्या आकड्यांत शोधत आला होता. आता ती तिथून उठून गेली होती, आणि जी उरली होती ती जिन्यात उभी होती, कठड्याला टेकून. घरी तो संध्याकाळी खुर्चीत बसे आणि स्वतःशीच ते वाक्य म्हणून पाही, निरनिराळ्या सुरांत, तिनं कसं म्हटलं असेल, हसत, की खाली बघत, की त्याच्याकडे बघत, उत्तराची वाट बघत. एकही सूर खरा वाटेना. कधी वाटे, तिनं ते थट्टेत म्हटलं म्हणून आपण सोडून दिलं. पण ती तर सगळंच थट्टेत म्हणायची. आणि हे जगात कोणाला ठाऊक असायला हवं होतं, तर त्यालाच.

सहा आठवड्यांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला. तो दाढी करत होता. अर्धा गाल साबणानं माखलेला, तसाच धावला.

"मामा," भाची म्हणाली. मागे बसचा आवाज नव्हता, ती घरी होती. "एक विचारायचं होतं. ती ते म्हणाली ना, छातीवर कोणी बसतं ते. त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

तो खोटं बोलू शकला असता. तिला बहुधा तेच हवं होतं. "बरं म्हणालो असेन," तो म्हणाला. "मी सगळ्यांना बरं म्हणायचो. आणि पुढचा प्रश्न विचारला."

"काय होता पुढचा?"

"थोडा वेळ थांबलं की बरं वाटतं का?"

"मग? ती काय म्हणाली?"

"होय म्हणाली."

साबण गालावर वाळून कातडी ओढत होता. त्याला वाटलं, तिनं फोन ठेवला. पण तिचा श्वास ऐकू येत होता. आणि तो, ज्यानं तीस वर्षांत कोणाच्या गप्प बसण्यावर कधी पाच सेकंदांहून जास्त वेळ घालवला नव्हता, फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिला, काही न बोलता, काही न विचारता, ती जोवर फोनवर थांबेल तोवर.